बारावा, तेरावा आणि चौदावे रत्न

वायरलेस या विषयावर मी कधी काळी लेख लिहीन, असे भाकीत एखाद्या ज्योतिषाने केले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती. मी बी.कॉम. झालेला माणूस. नोकरी बँकेत, तीही काउंटरवर. लहरींशी माझा संबंध दोनच ठिकाणी येतो. एक म्हणजे शाखाधिकाऱ्यांच्या लहरी, आणि दुसऱ्या घरच्या. त्या कोणत्या वेळी कोणत्या चॅनेलवर येतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही. अशा माणसाने हवेतल्या लहरींचा इतिहास सांगायला बसावे, हे खुद्द त्यालाही शोभत नाही. पण त्याला कारण घडले.

२०१९ च्या डिसेंबरात माझा मेहुणा न्यू जर्सीहून आला आणि येताना भाचीसाठी एक लॅपटॉप घेऊन आला. मेहुण्याने आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचे नाही, हा आमच्या घराच्या घटनेतला मूलभूत अधिकार आहे. अधिकार वस्तूचा, माझा नव्हे. पुढे मार्चमध्ये सगळे बंद झाले, जूनमध्ये शाळा घरात आली आणि तो लॅपटॉप एकदम कमावत्या मुलासारखा महत्त्वाचा झाला. आणि एके रात्री वीज गेली, पहाटे आली, आणि सकाळी त्या लॅपटॉपला आमचा वाय-फाय दिसेना!

गंमत अशी की, त्याला शेजारच्यांचा दिसत होता, वरच्या मजल्यावरचा दिसत होता, समोरच्या बिल्डिंगमधल्या दवाखान्याचासुद्धा दिसत होता. फक्त ज्या घरचे तो खात होता त्या घरचा दिसत नव्हता. माझ्या मोबाइलला दिसत होता, हिच्या मोबाइलला दिसत होता.

“तुम्हीच काहीतरी केलंत,” ही म्हणाली.

“मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही.”

“तेच म्हणते मी. कधी हात म्हणून लावायला नको.”

केबलवाल्याला फोन केला. “साहेब, लाइन ओके आहे. मोबाइल चालतोय ना? मग लॅपटॉपचा प्रॉब्लेम. बाहेरचा पीस आहे, त्याला इथलं पाणी लागत नाही.” मी मनात त्याला अडाणी म्हटले. पुढे कळले की, त्या दिवशी त्या विषयावर खरे बोललेला तो एकटाच माणूस होता.

शेवटी शाखेतल्या आमच्या संगणकवाल्या पोराला गाठले. हा मुलगा हुद्द्याने माझ्या वर आणि वयाने माझ्या निम्मा, म्हणून मला काका म्हणतो. फोन स्पीकरवर ठेवून त्याने मला राउटरच्या आत कुठे कुठे फिरवले आणि दहा मिनिटांनी म्हणाला, “काका, सापडलं! तुमचा तेरावा आहे.”

घरात शांतता पसरली. २०२० सालचा जून महिना, मी रोज बसने बँकेत जाऊन पन्नास माणसांच्या नोटा मोजणारा. हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, गेल्या सोळा वर्षांत तिने तसे पाहिल्याचे मला आठवत नाही.

“म्हणजे चॅनेल हो, काका! रात्री राउटर बंद होऊन चालू झाला तेव्हा आपणहून तेराव्या चॅनेलवर जाऊन बसला. लॅपटॉप अमेरिकन आहे. त्याला अकराच्या पुढे मोजता येत नाही.”

राउटरला सहाव्या चॅनेलवर कायमचे बांधून टाकले. दोन मिनिटांचे काम. शाळा सुरू झाली. पण मला रात्री झोप येईना. ज्या देशाने माणूस चंद्रावर पाठवला, त्या देशाच्या लॅपटॉपला अकराच्या पुढे मोजता येऊ नये? बँकेत आम्हाला सवय लागते. चार आण्यांचा फरक निघाला तरी तो सापडल्याशिवाय दिवस बंद करायचा नाही. हा तर दोन चॅनेलचा फरक होता. मी शोधत बसलो.

पहिली आठवण झाली ती वडिलांच्या ट्रंकेतल्या एका छोट्या पुस्तकाची. ते होते रेडिओचे लायसन्स. तरुण वाचकांना खरे वाटणार नाही, पण या देशात घरी रेडिओ ठेवायला परवाना लागे. १९३३ चा वायरलेसचा कायदा सांगायचा की, परवान्याशिवाय असले यंत्र नुसते बाळगणे हासुद्धा गुन्हा. मग दर वर्षी पोस्टात जायचे, पैसे भरायचे, पुस्तकात नोंद करून घ्यायची. १९८० च्या दशकात हा प्रकार बंद झाला. वडील मात्र शेवटच्या वर्षापर्यंत नेमाने जात. कुणी तपासायला आले होते का, असे मी विचारले होते. “आला असता तर?” असे त्यांनी उत्तर दिले. त्यांच्या पिढीत निम्मा कायदा या तीन शब्दांवर चालत असे.

पण लक्षात घ्या, त्या काळी कायदा पोस्टात राहत होता, रेडिओत नव्हे. रेडिओ बिचारा अडाणी. काटा फिरवून सिलोन लावा, बीबीसी लावा, तो लावी. मालकाचे लायसन्स संपले आहे म्हणून गप्प बसणारा रेडिओ मी पाहिलेला नाही. आमचा लॅपटॉप मात्र गप्प बसला होता. मधल्या काळात कायदा पोस्टातून उठून यंत्रात राहायला आला होता. तो आला कसा, हाच सगळा इतिहास.

सुरुवात १९४७ सालची. त्या वर्षी आपण इकडे स्वतंत्र होत असताना, तिकडे अमेरिकेत अटलांटिक सिटी या गावी जगातले देश हवेतल्या लहरींची वाटणी करायला बसले होते. वाटणीत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा कारखाने, प्रयोगशाळा आणि दवाखाने यांच्या यंत्रांसाठी काढून ठेवला. नेमका त्याच सुमारास मायक्रोवेव्हचा ओव्हन बाजारात येत होता, आणि तो याच पट्ट्यात आपला रस्सा गरम करतो. त्यामुळे तिथे इतका गोंगाट की, बोलण्याच्या कामाला तो कुणी घेईना. वडिलोपार्जित जमिनीत जो खडकाळ तुकडा कुणीच मागत नाही, तसला हा तुकडा.

१९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफसीसी या लहरींच्या खात्याने ठरवले की, या खडकाळ तुकड्यावर बिनपरवाना बोलायला हरकत नाही. अट एवढीच की, हळू बोला आणि आवाज पसरून बोला. मायकेल मार्कस नावाच्या त्यांच्याच एका इंजिनिअरने हे लावून धरले होते. सरकारी नोकराने परवाना कमी करण्यासाठी धडपडावे, ही घटना मला रेडिओच्या शोधाइतकीच थोर वाटते. १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले आणि त्या तुकड्याचे १४ चॅनेल पाडले गेले. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये हा पट्टा परवान्यातून मोकळा झाला.

चौदा चॅनेल पाडले खरे, पण ते सगळ्यांना मिळाले नाहीत. पहिला २४१२ मेगाहर्ट्झवर, मग दर पाचावर एक, असे करत तेरावा २४७२ वर. चौदावा मात्र थोडा दूर, २४८४ वर. युरोपाने तेरापर्यंत घेतले. त्यातही सुरुवातीला फ्रान्समध्ये फक्त दहा ते तेरा, आणि स्पेनमध्ये फक्त दहा आणि अकरा. चौदावा एकट्या जपानला, तोही जुन्या पद्धतीच्या संथ बोलण्यासाठी. आपण चौदावे रत्न दाखवतो ते पाठीवर. जपान्यांनी ते हवेत दाखवले.

आणि अमेरिका अकरावर का थांबली? तर २४८३.५ च्या पलीकडे तिथे एक राखीव पट्टा लागतो, आणि त्या पट्ट्यात जरासुद्धा सांडलेले चालत नाही. चाळीत शेवटच्या खोलीच्या भिंतीपलीकडे एखादे खडूस शेजारी राहावेत, तसे हे. बाराव्या-तेराव्या खोलीत राहायला बंदी नाही, पण राहिलात तर कुजबुजत राहा. कंपन्यांनी विचार केला, एवढी कटकट कोण करतो? त्यांनी अमेरिकेत विकायच्या मालाला अकराच शिकवले. बाकीच्या जगात बारावा-तेरावा व्यवस्थित पार पडतो. अमेरिकेत तो कुणी घालत नाही.

आता प्रश्न असा की, यंत्राला हे सांगतो कोण? तर ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खाकी कपडे आणि कानावर विडी येते. पण संगणकातला ड्रायव्हर म्हणजे वाय-फायच्या चकतीला हाकणारा प्रोग्रॅम. काम मात्र तेच. ट्रकवाल्याचे परमिट जसे ठरावीक राज्यांचे, तसेच याचेही. कारखान्यात त्या चकतीच्या पोटात एक देश लिहून ठेवतात. ड्रायव्हर सकाळी उठला की आधी तो वाचतो आणि मग ठरवतो, कुठे जायचे आणि किती आवाजात बोलायचे. आमच्या लॅपटॉपच्या पोटात अमेरिका लिहिली होती. तो जोगेश्वरीत उठला तरी अमेरिकेतच उठत होता. अशी माणसेही मला ठाऊक आहेत, पण मेहुण्याबद्दल बोलायचे नाही असे ठरले आहे.

या ड्रायव्हरांवरून जगात मोठी भांडणे झाली. लिनक्स म्हणून जी लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली आहे, तिचा दंडक असा की, आतले सगळे उघडे हवे. पण अथेरॉस नावाच्या चकतीवाल्या कंपनीच्या ड्रायव्हरमधला मोक्याचा भाग कुलूपबंद असे. कारण हेच की, तो उघडला तर कुणीही उठून देश बदलेल, ताकद वाढवेल आणि सरकार आम्हाला धरेल. मग ओपनबीएसडी या दुसऱ्या प्रणालीच्या राइक फ्लोटर नावाच्या गृहस्थांनी चकती कशी वागते हे पाहून पाहून तो भाग स्वतः नव्याने लिहून काढला. गोदरेजच्या तिजोरीवर कान लावून बसण्याचाच प्रकार, पण सभ्य. शेवटी २००८ साली कंपनीनेच आपला भाग उघडा करून दिला. आकाश काही कोसळले नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी लिनक्समध्ये जी व्यवस्था आली, ती मला एकदम ओळखीची वाटली. ती सगळी बँकेतून उचलली आहे की काय अशी मला शंका आहे.

एक फाइल असते. तीत देशांची नावे, आणि प्रत्येकापुढे लिहिलेले असते की, इथपासून इथपर्यंतचा पट्टा, एवढी ताकद, अमुक अट. साध्या अक्षरांत, कुणीही वाचावी. पण फाइलवर सही असते, आणि ड्रायव्हरमंडळी नमुन्याच्या सहीशी ती ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. सही जुळली नाही की चेक परत!

यादीत ‘००’ नावाचाही एक देश आहे. आपण कुठे आहोत हे ज्या यंत्राला ठाऊक नाही, त्याचा तो देश. तिथे अकरापर्यंत मोकळीक, पण बाराव्या-तेराव्यावर नुसते ऐकायचे, आपण होऊन बोलायचे नाही. केवायसी न झालेले खाते! पैसे भरा, काढायचे नाव नको.

आणि सगळ्यात नामी म्हणजे, चकतीच्या पोटात एक देश लिहिला आहे आणि तुम्ही दुसरा सांगितलात, तर ड्रायव्हर दोघांचेही ऐकतो. म्हणजे दोन्ही देशांना जेवढे मान्य, तेवढेच करतो. संयुक्त खाते, दोघांच्या सह्या आवश्यक. मालकाला बंधन वाढवता येते, सैल करता येत नाही. नवरा-बायकोच्या खात्याला आम्ही हाच पर्याय सुचवतो, आणि मग दोघेही आमच्यावर चिडतात.

आणखी एक सोय २००१ पासून आहे. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा जी आरोळी ठोकतो, तीत तो आपला देशही सांगू शकतो. काही ड्रायव्हर ती आरोळी ऐकून आपण कुठे आहोत हे ठरवतात. म्हणजे शेजाऱ्याच्या सांगण्यावर विश्वास. शेजाऱ्याचा राउटर परदेशातून आणलेला असेल, तर तुमचे यंत्र बसल्या जागी परदेशी जाते. हा प्रकार मात्र बँकेतला नव्हे, चाळीतला आहे.

इथपर्यंत वाचून कुणीही विचारील, मीही विचारले, की एवढा बंदोबस्त कशासाठी? आमच्या घरातला राउटर स्वयंपाकघरापर्यंत धड पोहोचत नाही, तो कुणाचे काय बिघडवणार?

उत्तर मिळाले प्वेर्तो रिकोच्या सान हुआन शहरात. तिथल्या विमानतळाजवळ हवामानाचा एक रडार आहे. विमान उतरताना वारा अचानक फिरला तर तो आधी सांगतो. २००९ साली त्याच्या पडद्यावर खोट्या रेघा उमटू लागल्या. शोध घेतला तर गच्च्यांवर बसवलेली वायरलेस इंटरनेटची यंत्रे रडारच्याच पट्ट्यात, ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये, बोलत होती. खरे म्हणजे या पट्ट्यांत बोलणाऱ्या यंत्राने आधी एक मिनिट कान द्यायचा असतो. रडारचा ठोका ऐकू आला, तर दहा सेकंदांत तिथून निघायचे आणि अर्धा तास त्या बाजूला फिरकायचे नाही. मामंजींची खाकर ऐकून सुना जशा माजघरात पळत, तसे. हा पदर सोडलेली यंत्रे तिकडे निघाली.

मग २०१४ मध्ये एफसीसीने पाच हजारांच्या पट्ट्यांसाठी नियम आवळले. ग्राहकाला यंत्रातली ही कुलपे काढता येता कामा नयेत, असे कंपन्यांना बजावले. दुसऱ्या वर्षी ओरडा झाला, कारण कुलूप लावायला सांगितले की कंपन्या सगळे घरच बंद करतात. तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या राउटरमध्ये तुम्हालाच हवा तो प्रोग्रॅम घालता येईना. २०१६ च्या ऑगस्टमध्ये टीपी-लिंक कंपनीने दोन लाख डॉलर भरले, कारण तिच्या राउटरमध्ये देश बदलला की परवानगीपेक्षा जास्त ताकद मिळत होती. पण त्याच तडजोडीत एफसीसीने तिच्याकडून हेही कबूल करून घेतले की, बाहेरचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून ती प्रयत्न करील. म्हणजे खोलीला कुलूप लाव, घराला नको. निकाल मला पटला. पण पटणे वेगळे आणि वेळ येणे वेगळे.

ती वेळ एका पावसाळ्याच्या तोंडावर आली. आमच्या सोसायटीत इंजिनिअरिंगला जाणारा एक मुलगा आहे. मोठा लाघवी. म्हणाला, “काका, तुमच्या राउटरचा देश बदलून देऊ? बोलिव्हिया टाकतो. रेंज जिन्यापर्यंत येईल.”

हौशी मंडळींत हा बोलिव्हिया फार लोकप्रिय. यादीत त्याच्यापुढे एके काळी भरघोस ताकद लिहिलेली होती म्हणतात. माझा पासपोर्ट पोलीस व्हेरिफिकेशनला महिनाभर अडकलेला, आणि माझा राउटर दोन मिनिटांत दक्षिण अमेरिकेत! मला हेवा वाटला. त्याला म्हटले, “अरे, आपल्याकडच्या २००५ च्या नियमात जुन्या पट्ट्यात अँटेना धरून चार वॅट चालतात. काखेत कळसा आणि बोलिव्हियाला वळसा कशाला?” माझ्या तोंडून वॅट हा शब्द ऐकून तो दचकला.

“काका, त्यात अजून एक फायदा आहे. काही देश टाकले की ते रडार तपासायचं लफडंच नसतं. उगाच मध्ये मध्ये चॅनेल बदलत नाही.”

मी खिडकीबाहेर पाहिले. आमच्या बाजूला वेरावलीची टेकडी आहे. जानेवारी २०२२ मध्ये तिथे हवामान खात्याचा डॉप्लर रडार सुरू झाला. सी-बँडचा, म्हणजे जवळपास ह्याच घरातला.

आणि मला २६ जुलै २००५ ची रात्र आठवली. नोकरीला दोन वर्षे झाली होती. वांद्र्याच्या शाखेतून दुपारी निघालो आणि पहाटे तीनला जोगेश्वरीला पोहोचलो. कमरेएवढे पाणी, पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात, आणि त्याचा हात त्याच्या पुढच्याच्या. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. ढग कुठे किती साठला आहे हे पाहायला त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हता. घरी वीज गेलेली. वडील रात्रभर अंधारात सेलवरचा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. मी आल्यावर एवढेच म्हणाले, “काही सांगत नव्हते रे.” ते सांगणार कसे? सांगणाऱ्यालाच कुणी सांगितलेले नव्हते.

“राहू दे रे. भारतच राहू दे,” मी म्हणालो.

“काका, तुमच्या एका राउटरनं काय होणार आहे?”

खरे आहे. घरातल्या एका राउटरने बहुधा काहीच होणार नाही. एका रुपयाच्या फरकाने बँकही बुडत नाही. तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसून तो शोधतो. कारण उद्या प्रत्येक काउंटरवाल्याने एकेक रुपया माफ करून घेतला, तर आमच्या खात्यांवर कोण विश्वास ठेवील? मला काही सुचेना म्हणून मी वडिलांचेच उत्तर थोडे बदलून दिले. “झालं तर?”

पोरगा हसला, पण त्याने भारत ठेवला.

आता राहिला तो लॅपटॉप. त्याच्याबद्दल माझ्या मनात अजून थोडी तक्रार आहे. नियम असावा, यंत्राने तो पाळावा, याबद्दल वाद नाही. पण लॅपटॉप भारतात आला, इथल्या शाळेत शिकला, इथली वीज खातो, आणि तरी त्याला कुणी सांगू शकत नाही की बाबा, तू आता इथला. वडिलांच्या कायद्याला निदान पोस्टमास्तरचा चेहरा होता. पत्ता बदलला तर जाऊन सांगता येत होते. कारखान्यात कोरलेल्या कायद्याला खिडकी नाही. म्हणून मला ती सही असलेली, पण कुणालाही वाचता येणारी यादी आवडते. बंधन आहे, पण ते कुठल्या ओळीत आहे हे दिसते, आणि देश बदलला तर ओळही बदलता येते. त्रास देणाऱ्या कायद्याची माझी एवढीच अपेक्षा आहे की, त्याने मला वाचता येईल अशा अक्षरांत त्रास द्यावा.

लॅपटॉप आता म्हातारा झाला आहे. मुलगी कॉलेजात गेली. मध्यंतरी मेहुणा आला तेव्हा हिने कौतुकाने सांगितले, “दादा, तुझा लॅपटॉप अजून मस्त चालतो हं.” तो फुलला. मी घटनेचा मान राखून गप्प बसलो.

तो गेल्यावर वीज गेली. अंधारात हिचा आवाज आला, “अहो, वीज आली की आधी तो राउटर बघा. आणि काही झालं तरी तेराव्यावर जाऊ नका.”

मी म्हटले, “प्रयत्न करतो.”